‘पुन्हा वाजव’ला पैसे कसले?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कणकवलीजवळच्या गावात राहता, डबलबारीची (दोन भजनी बुवांच्या सामन्याची) पेटी शिकता आणि आजोबांच्या जुन्या बारीचं रेकॉर्डिंग ऐकून चाली उचलता. अडचणी तीन आहेत. आजोबांच्या बारीची डीव्हीडी नव्या लॅपटॉपवर लागत नाही, वर प्लेअर विकत घ्या असं सांगते. मुंबईच्या भाच्याने मोबाइलवर काढून पाठवलेल्या भजनाचा आवाज येतो, पण चित्र काळं, आणि तिथेही पैसे मागतात. तिसरी अडचण तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली दिसते. ज्या प्लेअरवर तुम्ही दोन वर्षं एकच तुकडा फिरवून फिरवून, लय कमी करून ऐकत होतात, त्याने अपडेटनंतर ती दोन्ही बटणं महिन्याच्या वर्गणीत टाकली. वर्गणी भरली तरी दर काही दिवसांनी लॉगिन मागतो आणि घरात रेंज नाही. ‘ही साधी बटणं आहेत, यांना पैसे कशाचे?’ असं तुम्ही विचारलंय.

मी कुडाळात १९९८ पासून रेकॉर्डिंग आणि शूटिंग करतो. जत्रेतले दशावतार, डबलबाऱ्या, लग्नं आणि आता जास्त करून जुन्या कॅसेटी उतरवून देण्याचं काम. तुमच्यासारखी माणसं दर गणपतीच्या आधी दुकानात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्या अडचणीबाबत तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. पहिल्या दोनबाबत अर्धा. तिन्ही ठिकाणी पैसे मागणारी खिडकी सारखीच दिसते, पण मागची कारणं वेगळी आहेत आणि पैसे भरायचे की नाही हे त्या कारणावर ठरतं.

आधी तुमच्या फिरवून ऐकण्याचं बघू. आमच्या वाडीत पखवाज वाजवणारे एक बुवा होते. त्यांच्याकडे रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन होता आणि त्याला तीन आकड्यांचा काउंटर. त्यांच्या वहीत अभंगाच्या ओळींखाली पेन्सिलने आकडे लिहिलेले असायचे, ‘गजर २१७ ते २३४’. २३४ आला की बोट रिवाइंडवर, २१७ आला की प्ले. रात्रभर तेच. सकाळपर्यंत गजर हातात बसलेला असे. आज प्लेअरमध्ये ‘ए-बी लूप’ म्हणून जे बटण असतं ते हेच. प्रोग्रामने दोन वेळा लक्षात ठेवायच्या आणि दुसरी आली की पहिलीवर उडी मारायची. बुवा जे बोटाने करत ते. त्यात कुणाचं पेटंट नाही, कुठला सर्व्हर लागत नाही, कंपनीचा महिन्याला एक पैसा खर्च होत नाही.

लय कमी करणं याहून थोडं अवघड, पण तेही जुनं झालं. कॅसेट हळू फिरवली की आवाज जाड होतो. सेल उतरले की गाणं कसं रडायला लागायचं, आठवत असेल. वेग निम्मा केला तर स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो. कॉम्प्युटरवर तसं होत नाही, कारण प्रोग्राम आवाजाचे काही मिलिसेकंदांचे बारीक तुकडे करतो आणि ते एकावर एक थोडे चढवून लांबवतो. स्वर तोच राहतो, वेळ वाढतो. हे काम माझ्या दुकानातला २००४ सालचा पेंटियम न कुरकुरता करत होता. एक सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. वेग निम्म्यावर आणू नका. पखवाजाची थाप त्या तुकड्यांत दोनदा सापडते आणि एका ‘धा’च्या जागी दोन ऐकू येतात. शिकणारा गोंधळतो, चुकीचे बोल उचलतो. ०.७५ पर्यंत आणा, फार तर ०.७. पेटीचे सूर त्याखालीही चालतात, पण पखवाज आणि झांज नाही.

मग वर्गणी कशाची? प्रत्येक वेळी एक गोष्ट पाहा. पैसे भरल्यावर लॅपटॉपवर काही नवीन उतरतं का? काहीच न उतरता बटण नुसतं चालू झालं, तर ते आधीपासून तुमच्याच मशीनमध्ये होतं आणि कुणीतरी त्यावर हात धरून बसलं होतं. त्या हाताचे पैसे मी देत नाही, गिऱ्हाइकालाही द्यायला सांगत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हे मला मान्य आहे. त्याने पहिल्या दिवशी ‘एवढे रुपये’ म्हणून विकावा, मी घेईन. आधी फुकट देऊन माणसाची सवय लावायची, त्याचा रियाज त्यावर बसू द्यायचा आणि मग रियाजाच्याच बटणावर कुलूप घालायचं, हे मला खटकतं.

हे आजचं नाही. अॅपलचा क्विकटाइम प्लेअर आठवतो का? चित्र पूर्ण पडद्यावर मोठं करून बघायचं तर ‘प्रो’ची चावी विकत घ्यावी लागे, तीस डॉलरच्या आसपास. मोठं करून बघणं! २००७ च्या जुलैत ७.२ आवृत्ती आली तेव्हा कुठे ते फुकट झालं. विंडोज एक्सपीबरोबर आलेला मीडिया प्लेअर सीडीवरून एमपीथ्री करून देत नसे, त्यासाठी वेगळं पॅक विकत घ्यायचं. विनअॅप या प्लेअरमध्येही एमपीथ्री करणं आणि पूर्ण वेगाने सीडी लिहिणं ‘प्रो’त होतं. पण त्या काळच्या कुलपांना निदान एकदाच पैसे लागायचे.

एकदाच म्हणजे कायमचे, असं मीही समजत होतो. २००९ च्या सुमारास दुकानासाठी एक प्लेअर घेतला, पाकिटावर ‘आजीवन’ लिहिलेलं. चार वर्षांनी मे महिन्याच्या शेवटी वीज पडली, हार्डडिस्क गेली. नवीन डिस्कवर तोच प्लेअर टाकला, चावी बरोबर घातली, पण ती तपासणारा कंपनीचा सर्व्हरच बंद झाला होता. ईमेल परत आली. त्या प्लेअरमध्ये मी अकरा दशावतारी प्रयोगांचे प्रसंग खुणा करून ठेवले होते, राजाचा प्रवेश कुठे, युद्ध कुठे. त्या खुणा दुसऱ्या कशातच उघडत नव्हत्या. व्हिडिओ होते, खुणा गेल्या. पुढे पावसाळाभर बसून मी त्या पुन्हा केल्या, या वेळी साध्या वहीत, तास-मिनिट-सेकंद लिहून. तुम्हीही चालींच्या जागा वहीतच लिहा. कुठल्याही प्लेअरच्या पोटात ठेवू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. व्हीएलसी घ्या. १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेला प्लेअर आहे, २००१ पासून मुक्त परवान्यात आहे आणि तो सांभाळणारी संस्था ना-नफा आहे. त्यात जाहिरात नाही, लॉगिन नाही, रेंज नसली तरी चालतो. वरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘अॅडव्हान्स्ड कंट्रोल्स’वर टिचकी मारली की खाली चार नवीन बटणं येतात. त्यातलं एक ए-बी लूप. गजर सुरू होतो तिथे एकदा दाबा, संपतो तिथे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा दाबलं की लूप सुटतो. लय कमी-जास्त करायला कीबोर्डवरचे दोन चौकोनी कंस आहेत, उघडा कंस हळू, बंद कंस जलद, दर दाबाला थोडं थोडं. मोबाइलच्या व्हीएलसीतही वेग बदलता येतो, तुकडा फिरवता येतो आणि स्क्रीन बंद करून व्हिडिओचा नुसता आवाज ऐकता येतो. बागेत काम करता करता ऐकायचं तर हे फार बरं पडतं.

स्क्रीन बंद करून ऐकण्यावरून आठवलं. यूट्यूबने तेच मोबाइलवर प्रीमियममध्ये ठेवलंय. भारतात २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांनी सुरू झालं, २०२४ च्या ऑगस्टात १४९ झालं. त्याबद्दल माझी तक्रार थोडी मवाळ आहे. तिथे फाइल त्यांच्या मशीनवर असते, पाठवण्याचा खर्च त्यांचा, जाहिरात बघितली नाही तर कलाकारालाही काही मिळत नाही. पण स्वतःच्या आजोबांची, स्वतःच्या मोबाइलमधली फाइल स्क्रीन बंद करून ऐकायला कुणी पैसे मागितले तर तो प्लेअर त्याच क्षणी काढून टाका.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पट्टीचा प्रश्न येणारच. आजोबा काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) गात आणि तुमचा गळा काळी एकचा असेल, तर रेकॉर्डिंग दोन सेमीटोन, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्या, खाली आणावं लागेल. काळी एक ते पांढरी दोन एक सेमीटोन, पांढरी दोन ते काळी दोन दुसरा. याला ऑडॅसिटी हा आवाजावर काम करायचा प्रोग्राम वापरा, तोही फुकट आणि मुक्त. ‘चेंज पिच’मध्ये सेमीटोनच्या चौकटीत उणे दोन घाला, लय तशीच राहून पट्टी उतरते. ‘चेंज टेम्पो’ने उलटं होतं. तीन-चार सेमीटोनच्या पलीकडे नेलंत की गळा राक्षसासारखा वाटू लागतो. त्यापेक्षा पेटी त्या पट्टीत वाजवायला शिका, म्हातारे बुवा तेच सांगतील.

आता डीव्हीडी. इथे कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने दाबलेलं असतं आणि त्या पद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंटं होती. प्रत्येक प्लेअरमागे, मग ते यंत्र असो की सॉफ्टवेअर, अडीच डॉलर आणि पुढे दोन डॉलर द्यावे लागत. पंधराशेला मिळणाऱ्या प्लेअरवर हा मोठा वाटा होता. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ आणताना डीव्हीडी लावण्याची सोयच काढली. लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसेल तर प्रत्येकाच्या नावाने पैसे का भरायचे, हा त्यांचा हिशोब. पुढे विंडोज १० साठी स्टोअरमध्ये वेगळा डीव्हीडी प्लेअर ठेवला, किंमत १४.९९ डॉलर. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांनी २०१२ मध्येच हाच प्रश्न जास्त सरळ सोडवला. ज्याला डीव्हीडी बघायची त्याने २.४० पौंडांची चावी घ्यावी, बाकीच्यांवर बोजा नको. अशा कुलपावर मी चिडत नाही. पैसे कुठे जातात ते स्वच्छ दिसतं.

पण एमपेग-२ ची अमेरिकेतली शेवटची पेटंटं २०१८ च्या फेब्रुवारीत संपली. एमपीथ्रीची वसुली त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या एप्रिलात थांबली. तरी साधी डीव्हीडी लावायला आजही चार आकडी रक्कम मागणारे प्लेअर आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत ‘परवानाधारक’ हा शब्द अजून मोठ्या अक्षरात असतो. त्याला भुलू नका. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर नक्कल रोखायचं वेगळं कुलूप असतं, ती गोष्ट निराळी. तुमच्या आजोबांची डीव्हीडी कुठल्यातरी शूटिंगवाल्याने घरीच लिहिलेली, तिच्यावर तसलं काही नाही. व्हीएलसीत ती सरळ लागेल.

लागली की एक गोष्ट दिसेल. बुवा हात वर करतात, मान हलवतात तेव्हा कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उठतात. डीव्हीडी खराब झाली असं समजून लोक घाबरतात, आणि अशा वेळी ‘चित्र सुधारा, प्रो घ्या’ असं सांगणारे भेटतात. आपल्याकडचा जुना टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रं दोन-दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी विषम रेघा, मग सम. कॅमेरे तसंच टिपायचे. आजचा पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो म्हणून दात दिसतात. व्हीएलसीत ‘डी’ हे अक्षर दाबा, दात जातात. याला डीइंटरलेस म्हणतात आणि यालाही पैसे मागितलेले मी पाहिलेत.

भाच्याच्या व्हिडिओची गोष्ट अशी. त्याचा मोबाइल एचईव्हीसी पद्धतीने चित्र साठवतो. २०१३ सालची ही पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवते, म्हणून आयफोनने ती २०१७ पासून घेतली आणि बाकीच्यांनीही. पण हिची पेटंटं एका छत्राखाली नाहीत. वसुली करणारे तीन-तीन गट झाले, काही कंपन्या कुठल्याच गटात नाहीत. या गुंत्याला कंटाळून बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ ही रॉयल्टी नसलेली पद्धत काढली. विंडोजने एचईव्हीसी मात्र बाहेर ठेवून स्टोअरमध्ये डॉलरभराला विकायला ठेवलं. चीड येते ती याची, की इंटेलच्या २०१५ नंतरच्या बहुतेक चिपांत हे चित्र उलगडण्याची सोय आधीच कोरलेली आहे. चिपला येतं, फक्त विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला परवानगी नसते. तरी हे कुलूप पेटंटचं आहे, रक्कम लहान आहे, एकदाच भरायची आहे. विंडोजच्याच प्लेअरची सवय असेल तर खुशाल भरा. नाहीतर व्हीएलसीत तोच व्हिडिओ चित्रासकट दिसेल. निव्वळ सॉफ्टवेअरवर पेटंट मानत नाही अशी त्या फ्रेंच संस्थेची भूमिका आहे, म्हणून ती पैसे न घेता देऊ शकते. भाच्याला सांगून ठेवा, आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवड. पुढचे व्हिडिओ कुठेही लागतील, फक्त जागा जास्त खातील. सिनेमाला चित्र येतं पण आवाज येत नाही, ही तक्रारही याच जातीची, तिथे डॉल्बी किंवा डीटीएस या आवाजाच्या पद्धतींचा परवाना आडवा येतो.

व्हीएलसी उतरवताना एक काळजी घ्या, आणि ही मी कळकळीने सांगतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून भारतात त्यांची मूळ साइट उघडेनाशी झाली. कायद्याने झगडल्यावर नोव्हेंबरात ती खुली झाली. त्या नऊ महिन्यांत लोक मिळेल तिथून व्हीएलसी उतरवत होते. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर त्या नावाखाली भलतंच काही बसलं होतं. दर पाच मिनिटांनी जाहिरात आणि ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं. आता मूळ साइट उघडते, तिथूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर ‘जाहिरात’ म्हणून येणारा दुवा उघडू नका. ‘कोडेक पॅक’ नावाची, सगळ्या पद्धतींचे व्हिडिओ लावून देतो म्हणणारी गठडी तर मुळीच घेऊ नका. आणि वर्गणीच्या प्लेअरची कुलूप फोडलेली प्रत कुणी पेन ड्राइव्हवर दिली तर नाही म्हणा. ज्या लॅपटॉपवर आजोबांचं एकमेव रेकॉर्डिंग आहे त्यावर असली वस्तू चालवायची नसते.

तुम्ही आधीच भरलेले एक महिन्याचे पैसे गेले असं समजा, पण पुढची आपोआप वसुली बंद केलीत का ते बघा. अॅप काढलं तरी वर्गणी चालू राहते. प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते. यूपीआयवर ऑटोपे दिलं असेल तर तिथेही बघा.

राहिली ती डिस्क. तिला मी सगळ्यात जास्त जपेन. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर रंगाचा एक पातळ थर असतो, त्यातच सगळं असतं. आपल्या दमट हवेत ती बाहेरून बुरशी धरते आणि आतून तो थर हळूहळू विटतो. व्हीएलसीत लागली की ऐकत बसू नका, आधी ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर जसाच्या तसा हार्डडिस्कवर उतरवा. आत एकेक जीबीच्या फाइल असतील, त्यांची नावं बदलू नका. पांढरट डाग असतील तर साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. लॅपटॉपला लावायच्या पातळ ड्राइव्हने वाचली नाही तर जुन्या डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हमध्ये घाला. मी एकेक डिस्क तीन ड्राइव्हमधून फिरवतो आणि बऱ्याचदा तिसरा वाचतो. तिसऱ्यानेही नाही वाचली, तर ज्याने ती बारी शूट केली त्याचं घर शोधा. आमच्यासारख्यांच्या माळ्यावर मूळ मिनी डीव्ही कॅसेटी अजून पडलेल्या असतात, पाठीवर तारीख आणि गावाचं नाव लिहिलेल्या. पावसाआधी विचारा.